बोरं कुठल्या हातानं उचलली?

संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत पुण्यात कुणा ना कुणाकडे बोरनहाणाचं बोलावणं असतंच. यंदा ते माझ्या भाचीकडे, सहकारनगरला होतं. ओजस अकरा महिन्यांचा. काळं झबलं, हलव्याचा मुकुट घसरून डोळ्यांवर आलेला, आणि डोक्यावरून चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, गोळ्या. (बियांची बोरं आणि कडक गोळ्या वर्षाच्या आतल्या मुलाच्या हाती लागू देणं हा स्वतंत्र भांडणाचा विषय आहे. तो मी त्या दिवशी रीतसर भांडून घेतला.) बिल्डिंगमधली मोठी मुलं झडप घालून गोळ्या वेचत होती आणि ओजस मात्र मन लावून एकेक चुरमुरा उचलत होता. डाव्या हातानं.

"अगंबाई, डावरा निघाला की काय!" त्याची पणजी म्हणाली.

"आमच्याकडे कुणी नाही हो डावखुरं," भाचीच्या सासूबाई लगेच म्हणाल्या.

"आमच्याकडेही नाही," माझी बहीण त्याहून लगेच.

मग सगळे माझ्याकडे वळले. मी डॉक्टर नाही. अठ्ठावीस वर्षं बालवाडी चालवली, तेव्हा मुलांचे हात बघणं हेच काम होतं आणि त्यापायी वाचनही बरंच झालं. मी म्हटलं, अकरा महिन्यांच्या मुलाचा हात ठरलेला नसतो. पक्का ठरलेला दिसला, तर मात्र डॉक्टरांना दाखवावं, मग तो उजवा का असेना. हे ऐकून खोलीत जी शांतता पसरली तिच्यामुळे हा लेख.

सुरुवात पोटातूनच करावी लागते. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातले पीटर हेपर सोनोग्राफीत एक साधी गोष्ट बघत होते : गर्भ कुठला अंगठा चोखतो? पंधराव्या आठवड्यापासून पुढे दहातले नऊ गर्भ उजवा चोखताना दिसले. नंतर त्यांनी यातल्याच ७५ मुलांना दहा-बारा वर्षांची झाल्यावर पुन्हा गाठलं. निष्कर्ष २००५ साली छापून आले. पोटात उजवा अंगठा चोखणारी ६० च्या ६० मुलं उजवी निघाली. डावा चोखणाऱ्या १५ पैकी १० डावखुरी झाली आणि ५ उजवी. ती पाच मुलं मला फार आवडतात. कल पोटातच दिसतो, पण तो शिलालेख नसतो, हे ती दाखवून देतात.

याहून गमतीची गोष्ट २०१७ सालची आहे. जर्मनीतल्या बोखुम इथल्या संशोधकांनी पाहिलं, की गर्भ आठ आठवड्यांचा असतानाच त्याच्या मज्जारज्जूच्या डाव्या आणि उजव्या बाजूंत जनुकांचं कामकाज सारखं नसतं. त्या वेळी हात हलवायचा हुकूम देणारा मेंदूचा भाग मज्जारज्जूला जोडलेलाही नसतो. म्हणजे डाव्या-उजव्याची पहिली कुजबुज वरच्या मजल्यावर सुरू होत नाही, ती पाठीच्या कण्यात सुरू होते. सासूबाईंचं घराणं किंवा आमचं घराणं यांपैकी कुणालाही त्या आठवड्यात काही करता आलं नसतं.

जन्मल्यावर काय होतं ते कुठल्याही घरात बघायला मिळतं. महिना-दोन महिन्यांचं बाळ उताणं ठेवा. मान एका बाजूला वळली की त्या बाजूचा हात ताठ सरळ होतो आणि दुसरा कोपरात दुमडून डोक्याजवळ जातो. थेट धनुष्य ओढलेला अर्जुन. ही जन्मजात प्रतिक्षिप्त क्रिया आहे आणि साधारण सहाव्या महिन्यापर्यंत मावळते. बहुतेक बाळांची मान उजवीकडे वळते, त्यामुळे त्यांच्या नजरेसमोर उजवाच हात जास्त वेळ असतो. जॉर्ज मिशेल या अमेरिकी संशोधकानं १९८१ साली मांडलं, की जो हात सारखा दिसतो तोच पुढे वस्तूकडे आधी जातो; नवजात बाळाची मान कुठे वळते यावरून पुढच्या काही महिन्यांत ते कुठला हात पुढे करेल याचा अंदाज बांधता येतो. अर्जुनाचं नाव घेतलंच आहे तर हेही सांगते, की डाव्या हातानंही बाण सोडता येई म्हणून त्याला सव्यसाची म्हणत. आपल्या बाळांत खरे सव्यसाची मात्र फार थोडे. दोन्ही हात सारख्याच सफाईनं चालणारी माणसं शंभरात एखादीच सापडतात.

यानंतरचं वर्ष-दीड वर्ष म्हणजे निव्वळ गोंधळ. चौथ्या-पाचव्या महिन्यात बाळ खुळखुळ्याकडे हात नेतं, तेही बहुधा दोन्ही. सहाव्याच्या आसपास खुळखुळा या हातातून त्या हातात जाऊ लागतो. नवव्या-दहाव्या महिन्यात अंगठा आणि तर्जनीची चिमूट जमते, आणि मग जमिनीवरचा एकही चुरमुरा, मुंगी किंवा केस सुटत नाही. या सगळ्यात हात सारखे बदलत राहतात. येल विद्यापीठात आर्नोल्ड गेझेल आणि लुईझ एम्स यांनी मुलांचं वर्षानुवर्षं चित्रीकरण करून १९४७ साली हा हेलकावा आठवड्यागणिक लिहून काढला : काही आठवडे एक हात, मग दोन्ही, मग उजवा, पुन्हा दोन्ही. अठ्ठेचाळिसाव्या आठवड्याच्या सुमारास काही मुलं थोडे दिवस डाव्या हाताकडे वळलेली त्यांना दिसली. अठ्ठेचाळीस आठवडे म्हणजे अकरा महिने, म्हणजे बोरनहाणातला आमचा ओजस. त्यांची मुलं मोजकीच होती, त्यामुळे ते वेळापत्रक रेल्वेच्या वेळापत्रकासारखं वाचू नये. पण हेलकावे असतात, हे पुढच्या संशोधकांनाही दिसत आलं आहे.

ते का असतात? एक कारण असं, की या वयात शरीराला दर महिन्याला नवा धडा असतो. बसायला शिकताना तोल सांभाळायचा, रांगताना दोन्ही हात जमिनीवर. सगळ्यात मजेचं म्हणजे चालायला शिकताना पुष्कळ मुलं पुन्हा दोन्ही हातांनी वस्तू पकडू लागतात, जणू मधले महिने विसरली. चार पावलं टाकताना हात वर धरून झुलणारं मूल आठवा. दोन्ही हात एकत्र तोल राखण्यात गुंतलेत, तर एकट्याला वेगळं काम कसं मिळणार? चालणं सरावाचं झालं की हात पुन्हा मोकळे होतात.

आता त्या शांततेकडे येते.

या वयात दोन्ही हात कामाला येणं हीच निरोगीपणाची खूण आहे. वर्षाच्या आतलं मूल कायम एकच हात वापरत असेल, तर लक्ष दुसऱ्या हाताकडे गेलं पाहिजे. ती मूठ सतत आवळलेली असते का? अंगठा मुठीत दडलेला असतो का? कपडे घालताना तो हात ताठ लागतो किंवा सैल पडतो का? त्याच बाजूला खेळणं धरलं तर मूल जवळचा हात उचलण्याऐवजी अंगावरून दुसरा हात ओढून आणतं का? रांगताना एक पाय मागे ओढला जातो का? यांतलं काही दिसलं तर "बघू, सुधारेल" म्हणत दिवस काढू नयेत. गोवर-रुबेलाची पहिली लस नवव्या महिन्यात असते, बाळाला तपासायला न्यायचंच असतं. तेव्हा विचारायला सोपं. मूल मुदतीआधी जन्मलेलं असेल तर वय डॉक्टरांनी दिलेल्या प्रसूतीच्या तारखेपासून मोजायचं.

कारण काय असू शकतं? कधी बाळंतपणात खांदा अडकून हाताच्या नसांना ताण बसलेला असतो. यातली बरीच बाळं पुढे सावरतात. कधी गळ्याजवळचं हाड मोडलेलं असतं. आणि कधी जन्माच्या आसपास मेंदूच्या एका बाजूचा रक्तपुरवठा अडलेला असतो. पक्षाघात म्हातारपणी होतो असं आपण धरून चालतो, पण काही हजार जन्मांमागे एका बाळाला तो होतो. पहिले काही महिने काहीच कळत नाही, कारण तेव्हाच्या हालचाली बहुतेक प्रतिक्षिप्त असतात. चार-सहा महिन्यांनी मूल मनानं हात पुढे करू लागलं, की मेंदूचा तो भाग कामावर हजर नाही हे उघड होतं. मेंदूची डावी बाजू उजवा हात चालवते आणि उजवी डावा. त्यामुळे इजा डाव्या बाजूला असेल तर मूल डावखुरं वाटतं आणि निदान कुणी तरी चिंता करतं. उजव्या बाजूला असेल, तर मूल फक्त उजवा हात वापरतं आणि घरात पेढे वाटले जातात.

असे पेढे मी खाल्ले आहेत. बालवाडीत येणाऱ्या एका मुलीचा धाकटा भाऊ सात महिन्यांचा होता. "आमचा बाळ आत्तापासून सगळं उजव्याच हातानं घेतो," आई कौतुकानं सांगायची, आणि मीही मान डोलवायचे. त्याची डावी मूठ उघडत नव्हती हे मला दिसत होतं. दिसणं आणि कळणं यांत अंतर असतं. दीड वर्षाचा झाल्यावर निदान झालं. मग त्याच्यावर जो उपचार झाला तो ऐकून मी चाट पडले : त्याच्या चांगल्या हातावर रोज काही वेळ मोजा चढवायचा, म्हणजे दुर्बल हाताला काम करण्यावाचून गत्यंतर राहत नाही. लहान मेंदू पर्यायी वाटा शोधतो, त्या वाटा वहिवाटीनं रुळतात, आणि जितकं लवकर तितकं बरं. ते सात ते अठरा हे अकरा महिने मला अजून टोचतात.

सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी होते, आणि तिथून पुढच्या केंद्राकडे पाठवतात. ती मोफत असते. तिचा फायदा घ्यावा.

मग खरा हात कधी कळतो? नुसतं कुठल्या हातानं उचललं ते बघून नाही. मूल बहुतेक वेळा जो हात जवळ असतो तोच वापरतं. खेळणं डावीकडे ठेवलं तर डावा, उजवीकडे ठेवलं तर उजवा. म्हणून अभ्यासक वस्तू बरोबर मध्यावर ठेवतात, आणि त्याहून चांगली युक्ती म्हणजे दोन हातांना दोन वेगळी कामं लागतील अशी वस्तू देतात. तुळशीबागेतल्या भातुकलीत झाकणाची डबी मिळते ना, तीच. एक हात डबी धरतो, दुसरा झाकण काढतो. केळं सोलताना, मटारची शेंग फोडताना, मण्यात दोरा ओवताना हेच. धरणारा हात हा कमी हुशार नसतो, तो फक्त स्थिर राहायचं काम करतो. पण कारागीर हात कोणता ते त्यातून समजतं. अशी वाटणी वर्षानंतर उमटू लागते आणि दीड ते दोन वर्षांत बऱ्याच मुलांत स्पष्ट होते. तीन वर्षांच्या बहुतेक मुलांचा कल आईला माहीत झालेला असतो. चार ते सहा या वयात तो पक्का होतो आणि सफाई त्यानंतरही कैक वर्षं वाढत राहते. माझ्याकडे छोट्या गटात चित्र रंगवताना मध्येच खडू दुसऱ्या हातात घेणारी मुलं दरवर्षी असत. बहुतेकांचा एक हात दमलेला असायचा. काहींना कागदाची मधली रेघ ओलांडून पलीकडे हात न्यायचा कंटाळा असायचा, म्हणून डावा अर्धा भाग डाव्यानं आणि उजवा अर्धा उजव्यानं. मोठ्या गटाच्या शेवटीही हे चालू असलं तर मी पालकांशी बोलायचे, एरवी नाही.

"पण आमच्याकडे कुणी नाही" याचं काय? उजव्या आईबापांच्या मुलांत दहाला एक तरी डावखुरं निघतंच. एक पालक डावखुरा असेल तर साधारण पाचात एक, आणि दोघंही असतील तर सुमारे चारात एक. म्हणजे डावखुऱ्या जोडप्याचीही बहुतेक मुलं उजवीच. जनुकं सारखी असलेल्या जुळ्यांच्या चार-पाच जोड्यांपैकी एकीत एक डावा आणि एक उजवा सापडतो. डावखुरेपणाचं एकच जनुक शोधायच्या नादात पुष्कळ वर्षं गेली. २०२० साली १७ लाखांहून जास्त माणसांच्या माहितीवरून जनुकसंचात डावखुरेपणाशी जोडलेली ४१ ठिकाणं सापडली, आणि प्रत्येकाचा वाटा कणभर. अंदाजे पाव हिस्सा जनुकांचा. बाकीचं बहुतेक गर्भातल्या बारीकसारीक योगायोगांचं, असं आज दिसतं. जगभरात प्रमाण साधारण दहा टक्क्यांच्या थोडं वर आहे, मुलग्यांत मुलींपेक्षा किंचित जास्त.

एक समजूत मात्र इथेच खोडते, कारण ती मला दरवर्षी ऐकावी लागायची : "डाव्या कडेवर घेऊन घेऊन डावरा झाला." उभ्या राहून बघा. मूल डाव्या कडेवर असलं की त्याचा उजवा हात आईच्या पाठीमागे जातो आणि डावा पुढे मोकळा राहतो. उजवा हात कामाला मोकळा हवा म्हणून आपल्याकडच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या पोरं डाव्या कडेवरच घेत आल्या. ही समजूत खरी असती तर सदाशिव पेठेतला एकेक वाडा डावखुऱ्यांनी भरला असता.

मराठीनं या बाबतीत आधीच निकाल देऊन ठेवला आहे. व्रत उजवतात, कूस उजवते, आणि नको असलेल्याला डावलतात. पानात तेवढा डाव्या बाजूला मान : मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, म्हणजे सगळी चव डावीकडे. अशा भाषेत वाढलेल्या पणजीनं दचकणं मी समजू शकते. तिच्या पिढीत डावखुऱ्यांच्या हातावर पट्टी बसायची, म्हणून डावखुरे दिसतच नसत. इंग्लंडमध्येही १९०० च्या आसपास जन्मलेल्यांत डाव्या हातानं लिहिणारे जेमतेम तीन टक्के होते, पुढे पट्टी थांबली तसा आकडा चढला. मुलं बदलली नव्हती, मास्तर बदलले.

लिहायचा हात बळानं बदलता येतो का? सराव कुठल्याही हाताला शिकवतो. गांधीजींनी १९०९ साली बोटीवर 'हिंद स्वराज' लिहिताना उजवा हात थकल्यावर जवळपास ४० पानं डाव्या हातानं लिहिली. पण हाताला वळण लागलं म्हणून मेंदूचा कल वळत नाही. लहानपणी हात बदलायला लावलेल्या प्रौढांच्या मेंदूची चित्रं काढली तेव्हा उजव्या हातानं लिहीत असतानाही मेंदूच्या उजव्या बाजूची लगबग दिसली, जी जन्मापासून उजव्या असलेल्यांत तशी दिसत नाही. मूल दोन कामं करतं : लिहितं, आणि शिवाय स्वतःला आवरतं. अक्षर शिकायच्या वयात हे ओझं कशासाठी? प्रसाद उजव्या हातात घ्यावा हे शिकवायला माझी हरकत नाही. तो रीतीचा भाग आहे, मुलं नमस्कार शिकतात तसं तेही शिकतात. जेवणाबद्दल मी मधे आहे. सांगून बघावं, जमत नसेल तर हात नीट धुवायला शिकवावं आणि शांतपणे जेवू द्यावं. लिहिण्याला मात्र हात लावू नये. सगळी कामं एकाच हाताची असतात असंही नाही. सचिन तेंडुलकर लिहितो डाव्या हातानं, आणि बॅट आयुष्यभर उजव्या हातानं धरली.

डावखुऱ्या मुलाची खरी अडचण सामानात आहे. पाटीवर लिहीत पुढे गेलं की मागून त्याचंच मनगट अक्षरं पुसत येतं. शिरोरेघ डावीकडून उजवीकडे द्यायची म्हणजे त्याला पेन्सिल ओढावी लागत नाही, ढकलावी लागते, आणि टोक कागदात रुततं. यावर उपाय साधे आहेत. वहीचा वरचा भाग थोडा उजवीकडे कलता ठेवावा, पेन्सिल टोकापासून बोट-दीड बोट वर धरू द्यावी, म्हणजे लिहिलेलं दिसतं आणि हात वरून आकड्यासारखा वाकवावा लागत नाही. बाकावर त्याला डाव्या टोकाला बसवावं, नाहीतर शेजाऱ्याशी कोपरं भांडतात आणि मार दोघांनाही बसतो. कात्री हा सगळ्यात छुपा छळ आहे. साध्या कात्रीचं वरचं पातं डाव्या हातात रेघ झाकतं आणि दाब उलटा पडून कागद चिमटला जातो. बाईंना वाटतं मूल वेंधळं आहे. डावखुऱ्यांची कात्री वेगळी येते. अप्पा बळवंत चौकात मागितलीत तर दुकानदार आधी तुमच्याकडे बघेल, पण मागत राहा.

ओजसची आई त्या रात्री माझ्यासमोर बसून त्याच्या दोन्ही मुठी उघडून बघत होती. दोन्ही उघडल्या. एका हातात चुरमुरा होता, दुसऱ्यात माझ्या चष्म्याची दोरी. त्याला आता चौदावा महिना लागलाय, झुलत झुलत चालतो आणि सगळं दोन्ही हातांनी उचलतो. परवा मी मुद्दाम भातुकलीची डबी घेऊन गेले. सगळे भोवती जमले, पणजीसुद्धा. त्यानं डबी दोन्ही हातांत घट्ट धरली, आमच्याकडे एकदा पाहिलं, आणि झाकण दातांनी काढलं.